समुद्राच्या कायद्याची प्राध्यापक

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी विहारात वंदना आटोपली, सतरंज्या गुंडाळून झाल्या आणि आम्ही वाचनालयाच्या कपाटाला कुलूप लावीत होतो. तेवढ्यात वस्तीतल्या एक ताई लेकीला घेऊन आल्या. ताई चार घरी पोळ्या करतात. त्यांचे यजमान ठेकेदारामार्फत एका सोसायटीत वॉचमन आहेत. मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेली. तिच्या हातात दोन कागद होते. एक कागद बँकेतल्या लिपिकाच्या जागेचे नेमणूकपत्र. हजर व्हायला पंधरा दिवस उरलेले. दुसरा कागद नेट परीक्षेचा निकाल, आणि त्यात जे.आर.एफ. म्हणजे संशोधनाची फेलोशिपही मिळालेली.

"भाऊ, तुम्हीच समजवा हिला," ताई म्हणाल्या. "हातात आलेली बँक सोडून ही म्हणते प्राध्यापक होणार. अन् तेही कशाची? तर समुद्राच्या कायद्याची, पर्यावरणाच्या धोरणाची. आपला अन् समुद्राचा काय संबंध?"

मुलगी खाली मान घालून म्हणाली, "काका, संबंध आहे. पण तो आईला कसा सांगायचा तेच मला कळत नाही."

आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच एक हुशार मुलगा आमच्याकडे आला होता. त्यालाही पीएच.डी. करायची होती. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, पहिल्या तारखेचा पगार म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक. आम्ही त्याला ठणकावून सांगितले, "हातची नोकरी सोडू नकोस." त्याने आमचे ऐकले. आज तो नोकरीत आहे, घर सावरले आहे. पण भेटला की म्हणतो, "काका, त्या वेळी थोडी चौकशी करायला हवी होती." तो रागाने म्हणत नाही, तरीही आम्हाला ते लागते. आमचा सल्ला चुकीचा होता की बरोबर, हे आजही सांगता येत नाही. पण काहीही माहिती न घेता तो दिला, ही मात्र आमची चूकच होती. म्हणून या वेळी आम्ही ताईंकडे आठ दिवसांची मुदत मागितली आणि चौकशी केली. ती सर्व वाचकांच्या उपयोगी पडावी म्हणून या सदरात मांडत आहोत.

समुद्राचा आणि आपला संबंध

समुद्र म्हटला की आपल्याला होडी, मासळी आणि चौपाटी आठवते. पण किनाऱ्यावर बंदर कोठे व्हावे, भरतीरेषेपासून किती अंतरावर बांधकाम करावे, मासेमारी कोणत्या महिन्यांत बंद ठेवावी, कारखान्याचे सांडपाणी खाडीत सोडावे की नाही, हे सारे कायद्याने ठरते. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच्या आधारे १९९१ साली किनारपट्टी नियमनाची अधिसूचना निघाली, तिलाच सी.आर.झेड. म्हणतात. ती २०११ मध्ये बदलली, २०१९ मध्ये पुन्हा बदलली. हे नियम मंत्रालयातून निघतात खरे, पण मंत्री किंवा सचिव काही स्वतः भरती-ओहोटी मोजत नाहीत. ते तज्ज्ञांची समिती नेमतात. त्या समितीत विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले लोक बसतात. कोर्टात खटला गेला तर कोर्टही त्यांचाच अहवाल मागते. म्हणजे नियमाखाली सही मंत्र्याची असली तरी नियमामागचा अभ्यास प्राध्यापकाचा असतो.

याचे एक उदाहरण प्रत्येक बौद्ध कुटुंबाला माहीत असावे. तामिळनाडूच्या नागपट्टिनम भागात दलित शेतमजुरांची मोठी वस्ती आहे. याच भागातल्या किळवेनमणी गावात २५ डिसेंबर १९६८ रोजी मजुरीच्या लढ्यात ४४ दलितांना जाळून मारले गेले. त्यानंतर तेथे भूमिहीनांना जमीन मिळवून देण्याचे काम एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माल यांनी चालविले. कृष्णम्माल स्वतः भूमिहीन दलित कुटुंबात जन्मलेल्या. पुढे नव्वदच्या दशकात या किनाऱ्यावर कोळंबीच्या शेतीचे पेव फुटले. भाताच्या खाचरांत खारे पाणी भरून तळी केली गेली. ते पाणी जमिनीत मुरले आणि आसपासच्या विहिरी खारट झाल्या. भाताची मजुरी गेली आणि प्यायचे पाणीही गेले.

जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने पाहणीचे काम सोपविले आपल्या नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडे. संस्थेने हिशेब मांडला की कोळंबी विकून जेवढे उत्पन्न मिळते त्याहून जास्त नुकसान निसर्गाचे आणि लोकांच्या उपजीविकेचे होते. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने निकाल दिला की किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रातली अशी कोळंबी-तळी ३१ मार्च १९९७ पर्यंत काढून टाकावीत. मजुरांनी मोर्चे काढले, सत्याग्रह केले, त्यांच्याच जोरावर हा लढा उभा राहिला यात शंका नाही. पण कोर्टात त्या मोर्चाच्या हाती आकड्यांचा कागद होता, म्हणून तो टिकला.

गोष्ट येथे संपत नाही. पुनर्विचार याचिका आल्या आणि निकालाची अंमलबजावणी अडली. २००५ साली संसदेने किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा वेगळा कायदा करून कोळंबीशेतीला परवान्याची वाट काढून दिली. म्हणजे एका कागदाने मिळालेले दुसऱ्या कागदाने हातचे गेले. हा दुसरा कागद तयार होत असताना मजुरांच्या बाजूने बोलणारे, कायदा आणि विज्ञान दोन्ही जाणणारे किती लोक समित्यांत होते, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

त्याच नागपट्टिनमला २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीचा तडाखा बसला. मदतीच्या याद्या झाल्या त्या प्रामुख्याने मच्छीमारांच्या घरांच्या आणि होड्यांच्या. त्यांचे नुकसान भयंकर होते, त्यांना मदत मिळायलाच हवी होती. पण बंदरावर हमाली करणारे, शेतात राबणारे दलित मजूर अनेक ठिकाणी यादीबाहेर राहिले. त्यांच्याकडे ना होडी होती, ना जाळे. त्यांचा रोजगार बुडाला होता, परंतु 'बाधित' या शब्दाच्या व्याख्येत ते बसत नव्हते. नंतरच्या अनेक अहवालांत हे नोंदले गेले आहे.

ही हकिकत आम्ही आठ दिवसांनी ताईंना सांगत होतो, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "भाऊ, हे तर आमच्याकडेपण झालं होतं." ताईंचे माहेर रायगड जिल्ह्यातले, खाडीकाठचे. त्यांच्या लहानपणी खारबंधारा फुटला आणि भरतीचे पाणी शेतात शिरले. दोन-तीन वर्षे भात पिकला नाही. "पंचनामा झाला तेव्हा सातबाऱ्यावर ज्यांची नावं, त्यांचीच नावं कागदावर चढली. आमचे बाबा त्याच शेतात मजुरी करायचे, त्यांचं नाव कुठंच नाही. मग आम्ही मुंबईला आलो."

मुलगी आईकडे बघत राहिली. ही गोष्ट तिने कधी ऐकली नव्हती. आणि तिला संशोधन करायचे होते ते नेमके यावरच. खारभूमीचे बंधारे फुटतात तेव्हा नुकसान कोणाचे मोजले जाते आणि कोणाचे नाही, हा तिचा विषय!

मुंबईकर वाचकांना आणखी जवळचे उदाहरण देतो. देवनारचे डंपिंग ग्राउंड १९२७ पासून ठाणे खाडीच्या काठावर आहे. त्याच खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. चांगलेच झाले. पण त्याच काठावर कचरा वेचून जगणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांचे काय, हा प्रश्नही तितक्याच अभ्यासाने मांडणारा कोणीतरी हवा की नको?

बाबासाहेबांनी पाण्याच्या धोरणाचे काम केले ते अर्थशास्त्रज्ञ म्हणून. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज ही कामेही त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्या देखरेखीखाली आकाराला आली. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. त्याआधी १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. तेव्हा पाण्याचे धोरण आणि प्राध्यापकी ही दोन्ही आपल्याला परकी आहेत असे कोणी समजू नये.

हे शिक्षण कोठे मिळते

आपल्या देशात 'सागरी धोरण' अशा नावाचे विभाग फार थोडे आहेत. त्यामुळे जाहिरातीत हे नाव शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. जागा निघतात त्या पर्यावरणशास्त्र, सागरी विज्ञान, मत्स्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, भूगोल किंवा लोकप्रशासन या नावांनी. मूळ पदवी यांपैकी एका विषयाची असावी आणि संशोधन किनाऱ्याच्या प्रश्नावर करावे, असा हा मार्ग आहे. म्हणूनच फक्त विज्ञानाच्या मुलांनी इकडे यावे असे नाही. बी.ए., बी.कॉम. होऊन अर्थशास्त्रात एम.ए. केलेला किंवा एलएल.एम. झालेला विद्यार्थीही येथे पोहोचू शकतो.

संस्था पाहू. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. ती १९६१ मध्ये सुरू झाली आणि १९८९ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे मासळीच्या अर्थशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. देवनारलाच टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तेथे पर्यावरण आणि हवामानबदलाच्या धोरणाचा अभ्यास होतो. रत्नागिरीला शिरगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि जवळच दोनापावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ सागरी विषयांसाठी नावाजलेले आहे, आणि तेथे कायद्याचाही विभाग आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातही पर्यावरणशास्त्राचा जुना विभाग आहे.

परदेशात या विषयाचे स्वतंत्र विभागच आहेत. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आणि ऱ्होड आयलंड विद्यापीठात ते आहेत, आणि स्वीडनमध्ये माल्मो येथे १९८३ पासून जागतिक सागरी विद्यापीठ चालते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी आहे. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक, पालकांचे उत्पन्न आणि वय यांच्या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत असतात, त्या नीट वाचाव्यात.

परीक्षा, फेलोशिप आणि पगार

सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जातीच्या उमेदवारांना ५० टक्के. त्यासोबत नेट किंवा राज्याची सेट परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. २०२३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने थेट नेमणुकीसाठी पीएच.डी.ची सक्ती काढली. पण कागदावर सक्ती नसली तरी मुलाखतीला पीएच.डी. झालेले उमेदवार रांगेत उभे असतात, हे लक्षात ठेवावे. वरच्या पदांना तर ती लागतेच.

जे.आर.एफ. मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षे महिना ४२,००० रुपये मिळतात, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे. १ जानेवारी २०२३ पासून हे दर लागू झाले. जे.आर.एफ. हुकली तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे आणि पुण्याच्या 'बार्टी'ची फेलोशिप आहे. या रकमा दर महिन्याला वेळेवर येतीलच असे मात्र समजू नये. घरात तीन-चार महिन्यांची तजवीज हवी.

दाखल्याची एक गोष्ट. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतीही लागू झाल्या. पण शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' असते आणि केंद्राच्या अर्जाला मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. ऐनवेळी धावपळ होते आणि मुदत टळते. हा दाखला आजच काढून ठेवा.

सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, आणि प्राध्यापकाचे १,४४,२०० रुपयांपासून सुरू होते. हे आकडे वाचून डोळे दिपतात. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या राज्यात कितीतरी जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत आणि पीएच.डी. झालेली मुले तासिका तत्त्वावर, सुट्टीचा पगार नाही अशा स्थितीत शिकवीत राहतात. पाच वर्षे अभ्यास करून सहाव्या वर्षी कायम नोकरी लागेलच, असे छातीठोकपणे कोणीही सांगू शकत नाही.

रोस्टरची गोष्ट

आणखी एक गोष्ट, जी अशा लहान विभागांच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने निकाल दिला की आरक्षण मोजताना संपूर्ण विद्यापीठ नव्हे, तर एकेक विभाग हा घटक धरावा. ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तसे पत्रक काढले. या तेरा बिंदूंच्या पद्धतीत चौथी जागा ओबीसींची, सातवी अनुसूचित जातीची आणि चौदावी अनुसूचित जमातीची. आता सांगा, सागरी किंवा पर्यावरणाच्या विभागात जर चारच जागा असतील तर सातवी येणार कधी? आरक्षण कायद्यात राहिले असते आणि विभागात आपला एकही माणूस आला नसता.

जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल कायम ठेवला. देशभरातले शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. ५ मार्च २०१९ रोजी भारत बंद झाला आणि ७ मार्चला केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला. त्याच वर्षी कायदा झाला. केंद्रीय विद्यापीठांत आता संपूर्ण संस्था हा घटक धरला जातो आणि २०० बिंदूंचे रोस्टर चालते. त्यात अनुसूचित जातीला १५ टक्के, म्हणजे २०० पैकी ३० जागा येतात. कायद्याच्या यादीतल्या काही विशेष संस्थांना तो लागू नाही. जागा राखीव असूनही 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारून ती रिकामी ठेवण्याची खोड अजून गेलेली नाही. या शेऱ्याला उत्तर एकच, ते म्हणजे भरपूर तयारी केलेले चार-पाच उमेदवार एकाच वेळी दाराशी उभे करणे. एकटी मुलगी गेली तर तिला नाकारणे सोपे जाते.

मग आम्ही काय सांगितले?

ताईंनी शेवटी सरळ विचारले, "भाऊ, पाच वर्षांनी नोकरी लागंल याची हमी तुम्ही देता का?"

आम्ही म्हटले, "नाही ताई. खोटी हमी देणार नाही. पण आपण मिळून हिशेब करू."

मग तिघांनी बसून कागदावर हिशेब मांडला. एक वाट अशी की बँकेत हजर व्हावे आणि वरिष्ठांचे ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएच.डी. करावी. २०२२ च्या नियमांनी ती मुभा आहे. मात्र नोकरी करताना जे.आर.एफ. घेता येत नाही, आणि गावोगाव हिंडून करायचे संशोधन रजा काढून होत नाही. दुसरी वाट अशी की फेलोशिप घेऊन पूर्णवेळ काम करावे. त्यासाठी तीन गोष्टी आधी पक्क्या हव्यात. मार्गदर्शकाकडे जागा आहे का आणि त्याचे काम या विषयावर आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. फेलोशिपच्या पत्रावरची मुदत तपासावी, कारण त्या मुदतीत पीएच.डी.ला प्रवेश घ्यावा लागतो. आणि घरावर कर्ज असेल तर त्याचा हप्ता फेलोशिप उशिरा आली तरी कसा भरला जाईल, ते ठरवावे. पीएच.डी.ला कमीत कमी तीन वर्षे आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. मधल्या काळात फक्त प्राध्यापकीवर अवलंबून न राहता भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्था आणि राज्याचे मत्स्य व पर्यावरण विभाग यांच्या जाहिरातींकडेही लक्ष ठेवावे.

ताईंच्या घरावर कर्ज नाही. धाकटा भाऊ आयटीआयला आहे. फेलोशिपची रक्कम घरात आली तर घर चालते, ती थांबली तर अडते. म्हणजे अडचण मुख्यतः त्या उशिराच्या महिन्यांची. यावर आमच्या विहार समितीने मार्ग काढला आहे. वर्गणीतून एक छोटा निधी बाजूला ठेवायचा आणि फेलोशिप रखडलेल्या विद्यार्थ्याला त्यातून बिनव्याजी उसने द्यायचे, रक्कम आली की त्याने परत करायचे. निधी लहान आहे, पण कोणाचे शिक्षण दोन महिन्यांच्या रेशनसाठी थांबू नये एवढे त्यातून होईल. इतर विहारांनीही असा विचार करावा, ही विनंती.

मुलीने बँकेकडे हजर होण्याची मुदत वाढवून मागितली आहे आणि दोन विद्यापीठांतल्या मार्गदर्शकांना भेटून आली आहे. निर्णय अजून व्हायचा आहे, आणि तो तिने व तिच्या आई-वडिलांनी घ्यायचा आहे. आम्ही त्यांना ढकलणार नाही, आणि या वेळी अडवणारही नाही. जाताना ताई एवढेच म्हणाल्या, "हिच्या बाबांशी बोलते. पण भाऊ, पंचनाम्यात आमच्या बाबांचं नाव का नव्हतं, हे कुणीतरी लिहायला पाहिजे. ते मला पटलं."

वाचकहो, तुमच्या घरात, चाळीत असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर आमच्यासारखी घाई करू नका. आधी चौकशी करा, मग सल्ला द्या. आणि विद्यापीठात, संशोधन संस्थेत नोकरी करणारे जे आपले बांधव आहेत, त्यांनी आपापल्या वस्तीतल्या विहारात वर्षातून एक रविवार येऊन मुलांशी बोलावे. रस्ता चाललेल्या माणसाचा एक शब्द आमच्या या सगळ्या लेखापेक्षा अधिक कामाचा आहे.

जयभीम.